काखेतील गाठ आणि आपण सर्व

(शाखेच्या महिला मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकाला नुसते ‘आरोग्य’ असे छापले आहे. खरे म्हणजे तिथे ‘स्तनाचा कॅन्सर’ असे छापायचे होते. पण कार्यकारिणीत त्यावर अर्धा तास वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, असा शब्द बोर्डावर लावला तर बायका येणार नाहीत. दुसरे म्हणाले, बायका येतील, पुरुष येणार नाहीत. शेवटी ‘आरोग्य’ वर तडजोड झाली. बोनसच्या प्रश्नावर जनरल मॅनेजरसमोर टेबलावर मूठ आपटणारी ही मंडळी एका शब्दाला भ्यायली, त्यात आम्हीही होतो. म्हणून आता सुरुवातीलाच शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो. आज आम्ही स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही काखेत येणाऱ्या गाठीबद्दल.

आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि रेल्वेत चिकटलो. जे सांगणार आहोत ते सभासदांबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे. आमच्यानंतर डॉक्टरबाई बोलणार आहेत. आमचे काही चुकले तर त्या इथेच दुरुस्त करतील.

आधी एक हकीकत सांगतो. ज्यांची आहे त्या भगिनी आज सभागृहात आहेत. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र सांगत नाही. त्यांचे पती कॅरेज शेडमध्ये फिटर होते. ते वारल्यावर बाईंना अनुकंपा तत्त्वावर खलाशी म्हणून नेमणूक मिळाली. काम अंगमेहनतीचे. २०१५ साली पावसाळ्यात त्या युनियन ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, उजवा हात वर होत नाही. वजन उचललं की काखेत टोचतं. हलकं काम मिळालं तर बरं होईल.”

आम्ही लगेच पत्र टाईप केले. सुपरवायझरला भेटलो. त्यांनी टाळाटाळ केली तेव्हा वरच्या साहेबांना भेटलो. पंधरा दिवसांत बाईंना टूल रूममध्ये काम मिळाले. आम्ही ते फलकावर लिहिले, ‘युनियनच्या प्रयत्नांना यश’. बाईंनी पेढे आणले, आम्ही खाल्ले.

त्यानंतर सात महिन्यांनी त्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. काखेत सुपारीएवढी गाठ होती आणि स्तनात तिच्याहून मोठी. मधल्या काळात एका हेल्थ युनिटात दोनदा जाऊन त्यांनी हातदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या. तिथेही कोणी काख तपासली नाही आणि त्यांनीही ती दाखवली नाही. पुढे एकदा आम्ही त्यांना जरा रागानेच म्हणालो, “ताई, आम्हाला तरी सांगायचं होतं.” त्या शांतपणे म्हणाल्या, “सांगितलं होतं की भाऊ, काखेत टोचतं म्हणून. तुम्ही हाताचं ऐकलंत, काखेचं नाही ऐकलं.”

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. प्रशासनाला दोष देणे हा आमचा धंदाच आहे, पण इथे पहिला अर्ज आमच्याकडे आला होता आणि आम्ही त्यातली अर्धीच ओळ वाचली.

आता ही काखेतली गाठ म्हणजे काय, ते पाहू. लाईनवरच्या बंधूंना हे समजावून सांगायला नकोच. पायाला खिळा लागला, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत अवधाण येते. बोट चिरून पू झाला तर काखेत अवधाण येते. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का होते? कारण आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय आणखी एक बारीक नळ्यांचे जाळे आहे. त्यातून लसिका नावाचा पाण्यासारखा द्राव वाहतो, आणि त्या वाटेवर जागोजागी वालाच्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या छोट्या ग्रंथी बसवलेल्या आहेत. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. वाहून आलेले जंतू, कचरा तिथे अडवला जातो. म्हणजे ते चेकपोस्ट आहे म्हणा, किंवा पोस्टातल्या बंधूंसाठी सॉर्टिंग ऑफिस म्हणा. इन्फेक्शन आले की ग्रंथी फुगते, ती कामावर असल्याची खूण.

स्तनातला बहुतेक द्राव काखेतल्या ग्रंथींकडे वाहतो. थोडा छातीच्या मधल्या हाडालगतच्या ग्रंथींकडेही जातो. एका काखेत अशा साधारण वीस-तीस ग्रंथी असतात, माणसागणिक कमीजास्त. स्तनात कॅन्सर झाला आणि त्याच्या काही पेशी सुटून या नळ्यांत शिरल्या, तर त्या काखेतल्या ग्रंथीत अडकतात. काही तिथेच मरतात. काही तग धरतात, वाढतात, आणि मग ग्रंथी टणक होते. ती बहुधा दुखत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. दुखले तर आपण डॉक्टरकडे जातो. न दुखणारी गाठ आपण संक्रांतीनंतर बघू, मुलीच्या परीक्षेनंतर बघू, म्हणून ठेवून देतो.

लगेच घाबरूनही जाऊ नका. काखेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काखमांजरी असते, हाताच्या जखमेचे अवधाण असते, चरबीची गाठ असते. आपल्या देशात क्षयाच्या गाठीही पुष्कळ असतात. बोटांनी चाचपून यातली कुठली हे ठरत नाही. डॉक्टरांनाही नुसत्या हाताने नक्की कळत नाही. मोठी लागलेली ग्रंथी स्वच्छ निघते आणि हाताला न लागलेल्या ग्रंथीत कॅन्सर सापडतो. त्यासाठी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करावी लागते.

सुई म्हटले की आमच्या वस्तीत एक वाक्य ठरलेले आहे: ‘हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो.’ हे वाक्य आमच्या आईनेही आम्हाला सांगितले होते. साथींनो, हे खरे नाही. सुईने तुकडा काढल्याने स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरत नाही. लोकांच्या मनात हे बसण्याचे कारण असे, की माणसे इतक्या उशिरा हॉस्पिटलात जातात की तपासणी होते न होते तोच पेशंट खालावतो, आणि नाव सुईवर येते. गाडी आधीच लेट असते, आणि शिव्या खातो शेवटच्या स्टेशनचा मास्तर.

आता पुढची गोष्ट. बाईंचे ऑपरेशन झाले. दहा-बारा दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद आला. तो त्यांच्या मुलाने वाचला. मुलगा तेव्हा कॉलेजात होता, घरात सर्वांत शिकलेला. कागदावर एका ओळीत लिहिले होते ४/१७. मुलाने चारचा आकडा पाहिला आणि त्याच्या मनाने घेतले की आईला चौथी स्टेज आहे. त्याने मामाला फोन केला. मामा गावाहून आले. संध्याकाळी क्वार्टरमध्ये माणसे जमली. क्वार्टर किती दिवस ठेवता येईल, मुलाचे नाव अनुकंपाच्या यादीत पुन्हा लागेल का, अशी चर्चा आईच्या समोर सुरू झाली. आणि तुम्हाला खोटे वाटेल, पण आम्ही त्या खोलीत होतो आणि वेल्फेअर इन्स्पेक्टरला विचारून सांगतो म्हणालो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी त्या रात्री गोळ्या घेतल्या नाहीत, जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने पेन काढून आम्हाला शिकवले. खालचा आकडा म्हणजे काखेतून काढून तपासलेल्या ग्रंथी, सतरा. वरचा आकडा म्हणजे त्यातल्या कॅन्सर सापडलेल्या, चार. स्टेज वेगळी, ग्रंथींची संख्या वेगळी. एक ते तीन ग्रंथींत सापडला तर एक पायरी, चार ते नऊ तर दुसरी, दहा किंवा त्याहून जास्त असतील तर तिसरी. या संख्येबरोबर मूळ गाठीचा आकार धरून स्टेज ठरते. बाईंची निघाली तिसरी.

चौथी स्टेज केव्हा म्हणतात? जेव्हा कॅन्सर स्तन आणि जवळच्या ग्रंथी ओलांडून दूर गेला आहे, हाडात, फुप्फुसात, यकृतात किंवा मेंदूत. काखेत गेला म्हणजे चौथी नव्हे. गळ्याच्या हाडाच्या वर, त्याच बाजूच्या ग्रंथीत गेला तरी हल्ली ती चौथी धरत नाहीत. पूर्वी धरत असत. २००२ सालच्या नव्या नियमावलीत ती तिसऱ्यात आणली, कारण अशा बायका नीट उपचार मिळाल्यास दूर पसरलेल्यांपेक्षा चांगल्या जगतात असे दिसले. फरक केवढा आहे पाहा. तिसऱ्या स्टेजचा उपचार आजार घालवण्याच्या उद्देशाने करतात. चौथ्या स्टेजमध्ये आजार आटोक्यात ठेवून आयुष्य वाढवण्याचा प्रयत्न असतो. हल्ली तोही पुष्कळ वर्षे चालू शकतो. एका आकड्याच्या चुकीच्या वाचनामुळे आम्ही सर्वांनी मिळून एका जिवंत बाईचे तेरावे ठरवत होतो.

आणखी एक गैरसमज. कॅन्सर हाडात गेला की लोक म्हणतात, आता हाडाचा कॅन्सर झाला. तसे नाही. तो स्तनाचाच कॅन्सर हाडात राहायला गेलेला असतो, त्याचा औषधोपचारही स्तनाच्या कॅन्सरचाच असतो. भुसावळचा माणूस बदलीवर बिलासपूरला गेला म्हणून त्याचे सर्व्हिस बुक बदलत नाही.

आता थोडा इतिहास सांगतो. आम्हाला तो फार उद्बोधक वाटला, आणि रेल्वेवाल्यांना तो चटकन कळेल. अमेरिकेत बाल्टिमोर इथे विल्यम हॉलस्टेड नावाचे मोठे सर्जन होते. १८९० च्या दशकात त्यांनी स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन बसवले. त्यामागचा विचार असा की कॅन्सर पॅसेंजर गाडीसारखा जातो. स्तनातून निघाला की पहिले स्टेशन काखेतली खालची ग्रंथी, मग वरची, मग गळ्याकडची, आणि नंतर बाकीचे शरीर. मधले स्टेशन चुकवून पुढे जात नाही. मग उपाय सरळच आहे, पुढची सगळी स्टेशने उखडून टाका. त्यांनी स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या सर्व ग्रंथी असे एकत्र काढायला सुरुवात केली. तोपर्यंत जी गाठ हमखास त्याच जागी परत यायची ती येणे पुष्कळ कमी झाले, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण बाईची छाती बरगड्यांपर्यंत खरवडली जायची आणि हात जन्मभर सुजायचा. पाऊणशे वर्षे जगभर हेच चालले. कोणी विचारायचे नाही, कारण मोठ्या साहेबांनी सांगितले होते.

विचारले बर्नार्ड फिशर या पिट्सबर्गच्या सर्जनने. ते म्हणाले, ही गाडी प्रत्येक स्टेशनला थांबतेच असे नाही. कॅन्सरच्या पेशी रक्तातूनही जातात, आणि ती मेल गाडी आहे, काखेत न थांबता सरळ हाडात पोचते. काखेतल्या ग्रंथीत कॅन्सर सापडला तर तिच्यामुळे तो पुढे पसरतो असे नव्हे. त्या पेशींना घर सोडून बाहेर राहता येऊ लागले आहे याची ती खबर आहे. १९७१ साली त्यांनी तपासणी सुरू केली. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हते अशा हजारावर बायकांचे तीन गट केले. एका गटाचे हॉलस्टेडचे मोठे ऑपरेशन, दुसऱ्याचा फक्त स्तन काढून काखेला शेक, तिसऱ्याचा फक्त स्तन काढायचा आणि काखेला हात लावायचा नाही. मोठे ऑपरेशन झालेल्यांत सुमारे ४० टक्के बायकांच्या ग्रंथींत कॅन्सर सापडला. म्हणजे तिसऱ्या गटातही तितक्याच जणींच्या काखेत तो मागे राहिला असणार. त्यातल्या साधारण १८-१९ टक्के बायकांनाच पुढे काखेत गाठ आली, आणि ती तेव्हा काढली. २५ वर्षांचा हिशेब २००२ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांतल्या बायकांच्या जगण्यात लक्षणीय फरक नव्हता.

फिशरना सर्जन मंडळींनी फार विरोध केला. आम्हाला तो माणूस आवडला तो एवढ्यासाठी, की वरिष्ठांचा आदेश आहे म्हणून तो बरोबरच असतो हे त्यांनी मान्य केले नाही आणि आकडे गोळा करून दाखवले. पीएनएमच्या बैठकीला जाताना आपल्या लोकांनीही तेवढी तयारी करावी.

आता कोणी विचारील, मग ग्रंथी काढतातच कशाला? दोन कारणे. एक, ज्या ग्रंथीत रोग उघड दिसतो ती तशीच ठेवली तर काखेत वाढते, फुटते, हाताच्या नसा दाबते. दुसरे, खबर कळते. किती ग्रंथी धरल्या गेल्या यावरून पुढे किमोथेरपी किती, शेक कुठे कुठे, हे ठरायला मदत होते. मेल गाडीला गाठायचे तर चाकूने जमत नाही, रक्तात जाणारे औषधच लागते. म्हणून किमो, म्हणून हार्मोनच्या गोळ्या पाच-दहा वर्षे. बाई ऑपरेशन झाले की म्हणते, गाठ तर गेली, आता सुया कशाला? त्यासाठी.

पण खबर काढायला सतराच्या सतरा काढायच्या का? इथे १९९० च्या दशकात एक शहाणपणाची युक्ती निघाली. स्तनात गाठीजवळ निळी शाई किंवा किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते वाहत ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचते, तिला पहारेकरी ग्रंथी म्हणतात. अशा एक-दोन-तीन ग्रंथी काढून तपासायच्या. पहारेकरी स्वच्छ असेल तर बाकीच्या ग्रंथींना हात लावायचा नाही. पुढे १९९९ पासून अमेरिकेत सुमारे ९०० बायकांवर आणखी एक तपासणी झाली. त्यांच्या एक-दोन पहारेकरी ग्रंथींत कॅन्सर होता, स्तन वाचवून गाठ तेवढी काढली होती आणि स्तनाला शेक दिला होता. त्यांतल्या निम्म्या जणींच्या काखेतल्या उरलेल्या ग्रंथी काढल्या, निम्म्या जणींच्या नाही. २०१७ साली दहा वर्षांचे निकाल आले. न काढलेल्या बायका जगण्यात मागे नव्हत्या.

मात्र हे सर्वांना लागू नाही. त्या बायका लवकर आलेल्या होत्या, त्यांच्या काखेत हाताला गाठ लागत नव्हती. आपल्याकडे काखेत सुपारी घेऊन येतात, त्यांना पूर्ण ऑपरेशन बहुधा लागतेच, किंवा आधी किमो देऊन मग पाहतात. म्हणजे लवकर येण्याचा फायदा जीव वाचण्यापुरता नाही, हात वाचण्यातही आहे. आणि आपल्या भगिनींचा हात म्हणजे पोट आहे.

काखेतल्या सर्व ग्रंथी काढल्या की शंभरातील साधारण वीस बायकांचा हात पुढे सुजतो. फक्त पहारेकरी ग्रंथी काढली तर पाच-सहा जणींचा. नळ्या तुटल्यामुळे द्राव हातात साचतो. काही महिन्यांनी सुजतो, काही वर्षांनीही. त्याला व्यायाम आहे, मालिश आहे, घट्ट बाही मिळते. हाताला चिरा, भाजणे, इन्फेक्शन होऊ द्यायचे नाही. काम अजिबात बंद करायचे असे मात्र नाही, हळूहळू वाढवायचे. बाईंच्या बाबतीत काय झाले? उपचार संपवून त्या ड्यूटीवर आल्या तेव्हा टूल रूममध्ये दुसरा माणूस बसला होता आणि त्यांना पुन्हा शेडमध्ये वजनाच्या कामाला लावले. हात मनगटापासून कोपरापर्यंत फुगला. आम्ही पुन्हा पत्र टाईप केले. या वेळी पत्राला डॉक्टरचा कागद जोडला आणि मेडिकल डीकॅटेगरायझेशनच्या नियमावर बोट ठेवले. पहिल्या श्रेणीत अनफिट झालेल्या कर्मचाऱ्याला त्याच पगारात दुसरे काम देणे हा त्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. पाच महिने लागले. फलकावर काही लिहिले नाही.

एक दुसरी हकीकत सांगितली नाही तर आम्ही तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. आरएमएसमधल्या एका सॉर्टर बंधूंच्या पत्नीला हाच आजार झाला. त्या लवकर गेल्या, गाठ लहान होती, कागदावर ०/१२ आले. सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पाच वर्षांनी कंबर दुखू लागली, आणि कॅन्सर मणक्यात सापडला. त्या पुढे चार वर्षे होत्या, नंतर गेल्या. त्यांचे यजमान आम्हाला म्हणाले, “आमच्याकडे डायरेक्ट बॅग असते ना साहेब, मधल्या सॉर्टिंगला ती उघडतच नाहीत. तिथल्या रजिस्टरमध्ये आतल्या पत्राची नोंद कुठून सापडणार?” फिशरसाहेबांनी २५ वर्षे घालवून जे सांगितले ते या माणसाने आपल्या दुःखातून एका वाक्यात सांगितले. ग्रंथी स्वच्छ असणे ही चांगली बातमी आहे, पुष्कळ चांगली, पण ती हमी नाही. म्हणून कागद स्वच्छ असला तरी गोळ्या बंद करू नका आणि दरवर्षीची तपासणी चुकवू नका.

देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार दगावल्याचा अंदाज आहे. आणि मागे बसून हसणाऱ्या बंधूंना सांगतो, शंभरात सुमारे एक पेशंट पुरुष असतो. पुरुषाची गाठ तर आणखी उशिरा उघडकीस येते, कारण त्याला वाटते हे आपले खातेच नाही.

मग करायचे काय? परळच्या टाटा हॉस्पिटलने आपल्याच मुंबईत एक मोठे काम केले आहे. १९९८ पासून डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका निवडल्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनांची तपासणी करीत. मशीन नाही, मोठा डॉक्टर नाही. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. तपासलेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्या बायका ३७ टक्के, न तपासलेल्यांत ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, पण आजार लवकर सापडला. सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करायची असे लिहिलेले आहे.

म्हणजे यासाठी लागते काय? एक शिकवलेली बाई, एक पडदा, आणि दहा मिनिटे. आपल्या पीएमईमध्ये डोळे तपासतात, रंग ओळखायला लावतात, कारण तिथे गाडीचा प्रश्न असतो. बाईच्या जिवाचा प्रश्न कोणी तपासायचा? आमची मागणी अशी की प्रत्येक हेल्थ युनिटात ठरलेल्या दिवशी महिला डॉक्टर किंवा शिकवलेली सिस्टर असावी, तपासणी स्तनाची आणि काखेचीही व्हावी, आणि त्यासाठी गेलेला वेळ ड्यूटी धरला जावा. पुढच्या पीएनएमच्या यादीत हा मुद्दा घातला आहे. पोस्टातल्या साथींनी जेसीएममध्ये घ्यावा. त्यांच्यात सीजीएचएसवाले वेगळे, वैद्यकीय देखभाल नियमांखालचे वेगळे, आणि ग्रामीण डाक सेवकांना तर सीजीएचएसही नाही. त्या बंधूंनी राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले कार्ड बसते का, ते आजारी पडण्याच्या आधी पाहून ठेवावे.

ज्यांच्याकडे पास नाही अशा नातेवाइकांसाठी हेही लक्षात ठेवा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. २०२० मध्ये पुष्कळ सवलती बंद झाल्या, ही चालू राहिली. बुकिंगमधल्या बंधूंनी फॉर्म मागणाऱ्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवू नये. उत्तरेकडे काम करणाऱ्या आपल्या मराठी बंधूंनी परळपर्यंत यायलाच पाहिजे असे नाही. बनारसला लहरतारा इथे रेल्वेचे जे कॅन्सर हॉस्पिटल होते, ते २०१८ पासून टाटाकडे आहे.

आणि कागद जपा. पॅथॉलॉजीचा तो आकड्यांचा कागद, हार्मोनच्या तपासणीचा कागद, किमोची पुस्तिका, सगळ्याची एक फाईल करून झेरॉक्स युनियन ऑफिसात ठेवा. बदली झाली, हॉस्पिटल बदलले, की नवा डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतो.

आपल्या ऑफिसातला अर्जाचा नमुना आम्ही बदलला आहे. ड्यूटी बदलून मागणाऱ्या भगिनींसाठी त्यात एक रकाना वाढवला आहे, ‘त्रास कुठे आणि केव्हापासून’. तो भरून घ्यायला आम्ही बसणार नाही. आमच्यासमोर कोणी लिहिणार नाही हे आम्हाला कळले आहे. दर बुधवारी दुपारी चार ते सहा या वेळात महिला समितीच्या दोन भगिनी बसतील. त्यातल्या एक म्हणजे टूल रूमच्या त्याच ताई. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होत आहेत. डॉक्टर त्यांना ‘बरी झालीस’ असे अजून म्हणत नाहीत, ‘काही दिसत नाही’ एवढेच म्हणतात, आणि त्या दरवर्षी तपासणीला जाऊन येतात. त्यांनी स्वतःच सांगितले, की निवृत्तीनंतरही बुधवारची ड्यूटी करीन, फक्त चहा युनियनने द्यावा. कोषाध्यक्षांनी खर्च मंजूर केला आहे.

आता डॉक्टरबाईंना विनंती करतो. त्या तपासणी कशी करायची ते दाखवणार आहेत, म्हणून पुरुष बंधूंनी कृपा करून शेजारच्या खोलीत यावे. तिथे आम्ही तो ४/१७ चा कागद फळ्यावर काढून ठेवला आहे. घरी गेल्यावर तो वाचून कोणाला तरी सांगायची वेळ तुमच्यावरच येते.